मटार सोलताना निघालेला शब्द

माझं तोंड वाईट आहे. हे मी नाही म्हणत, माझी बायको म्हणायची, अन् चारचौघांत म्हणायची, म्हणजे ज्याला माझं बोलणं लागलं असेल त्यानं ते मनावर घेऊ नये. मी बोलायचो, ती सावरायची. जबलपूरला कांचघरच्या या घरात आमचा संसार असाच चालला. चैत्रात ती गेली. तेव्हापासून मी जे बोलतो ते जिथं पडलं तिथंच पडून राहतं, उचलायला कोणी येत नाही.

तशात नातीनं सांगितलं की तिनं लग्न ठरवलं. पोरगा स्लोवेनियाचा. ती तिकडं शिकायला गेली, नोकरीला लागली, तिथंच हा भेटला. मी विचारलं, हे कुठं आलं? तिनं फोनवर नकाशा दाखवला. इटलीच्या बगलेत एवढासा देश, बोट ठेवलं तर सगळा झाकून जातो. तिकडून पोरगा अन् त्याची आजी येणार होते, साखरपुडा इथं आमच्या घरी करायचा होता. नागपूरच्या नातेवाइकांचं म्हणणं, घरातलं माणूस गेलं की शुभकार्य वर्षाच्या आत उरकून घ्यावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं. तीन वर्षांनी मी असेन का नसेन हे कोणी बोललं नाही, पण विचार सगळ्यांनी तोच केला असणार.

पाहुणे यायच्या आधी नात माझ्याजवळ येऊन बसली.

"आबाजी, त्यांच्यासमोर जरा सोच-समझ के बोलाल, प्लीज."

"काहून, मी काय चावतो का लोकांना?"

"चावत नाही. पण आजी नाहीये न आता."

मग ती हसत हसत म्हणाली, "इथं तमाशा झाला न, तर आम्ही तिकडंच कचेरीत सही करून मोकळे होऊ. मग मी इकडं येऊ कशाला?"

हसत बोलली, पण मला ते हसणं खरं वाटलं नाही. माझा मुलगा रेल्वेत आहे, घरात हिंदीच बोलतो, कारण सून इथलीच, हिंदी घरातली. मराठी या घरात मी अन् बायको बोलायचो. नात आमचं ऐकून ऐकून शिकली. समजतं तिला सगळं, बोलायला गेली की अर्धी हिंदी होते. तरी आता माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं तेवढंच एक माणूस उरलं आहे. ती इकडं येणं बंद झालं तर मी भिंतीशी बोलायचं.

पोराची आजी आली ती माझ्याहून काही वर्षांनी मोठीच. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरे आखूड केस. दारात तिनं बूट काढले तशी सून खूश झाली. मग बाईनं पिशवीतून कापडी सपाता काढल्या, पायात घातल्या अन् त्या घालून सरळ देवघरापर्यंत चालत गेली. त्यांच्याकडं म्हणे तशीच रीत, बाहेरचे जोडे घरात नाहीत पण अनवाणीही कोणी फिरत नाही. सून माझ्याकडं पाहू लागली की आता हे काहीतरी बोलणार. मी जीभ दाताखाली धरली. पहिला दिवस निभला.

पोरगा शांत होता, दिसेल ते खायचा, दिसेल त्याला नमस्ते करायचा. बाईला तो बाबित्सा म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. आमची नातही तेच म्हणायची. तिला ती भाषा बऱ्यापैकी येते, मराठीपेक्षा बरी येते असं मला वाटलं, पण हेही मी बोललो नाही.

साखरपुड्याच्या जेवणासाठी मुलाच्या ओळखीच्या एका माणसानं शहपुऱ्याहून मटाराचं पोतं पाठवलं होतं. गच्चीवर ऊन चांगलं होतं. मी सोलायला बसलो, तर बाईही येऊन बसली. ती शेतकरी घरातली. शेंग अशी दाबायची की तोंड आपोआप उघडायचं अन् दाणे अंगठ्याच्या एका फटक्यात परातीत. मला तिचं काम आवडलं. काम चांगलं करणाऱ्या माणसाशी बोलावंसं वाटतं मला, फॅक्टरीत टर्नर होतो तेव्हापासून. नात मध्ये बसली होती.

"विचार तिला, बाप काय करायचा?"

"आबाजी, बाद में."

"अगं, बापाचं विचारून राहिलो, पगाराचं नाही."

नातीनं विचारलं. बाईनं सोलता सोलता उत्तर दिलं. "फौजेत ऑफिसर होते," नात म्हणाली. "दुसऱ्या महायुद्धात."

"कोणाकडून?"

इथं नात अडखळली. बाई बराच वेळ बोलली, अन् नात तुकडे जोडत सांगू लागली. "देश जर्मनांनी घेतला होता न. तर जर्मनांनी तिथल्याच लोकांची एक फौज बनवली. हे तिच्यात ऑफिसर होते. अन् जंगलात दुसरे लोक होते, जर्मनांशी लढणारे. मग एक दिवस हे आपली माणसं अन् बंदुका घेऊन जंगलात निघून गेले. उन लोगों की तरफ."

"लढाई चालू असताना?"

"हो."

"म्हणजे फितूर," मी म्हटलं.

निघून गेला शब्द. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मला वाटलं नात आता डोळे वटारेल. पण तिनं बाईकडं वळून ते सांगूनसुद्धा टाकलं, हात हलवत, दोन-तीन वाक्यांत. माझ्या एका शब्दाची इतकी वाक्यं कशी झाली मला कळेना. बाई सोलायची थांबली. माझ्याकडं पाहत राहिली. मग तिचे डोळे भरले अन् तिनं तिचा मटाराच्या रसानं हिरवा झालेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

"फीतूर," ती म्हणाली. अजून एकदा म्हणाली.

"तू काय सांगितलंस तिला?" मी नातीला विचारलं.

"जे तुम्ही बोलले तेच. की त्यांच्यावर फितूर चढला होता. एक धून, एक पागलपन, की माणूस सगळं सोडून त्याच्यामागं निघून जातो. हेच न?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिंदीत फितूर म्हणजे हेच, डोक्यात शिरलेलं वेड. सिनेमातले हीरो अभिमानानं सांगतात. मराठीत फितूर म्हणजे आपल्यांना सोडून शत्रूला मिळालेला. अन् पोरीला फक्त हिंदीतला माहीत होता.

बाई आता थांबायला तयार नव्हती. तिच्या गावात दोन्हीकडचे लोक तिच्या बापाला एकाच नावानं बोलवत. तो शब्दही तिनं सांगितला, मला तो परत म्हणता येणार नाही. बापाचा सख्खा भाऊ पहिल्याच फौजेत राहिला अन् लढाई संपल्यावर परत आला नाही. त्या दोघांची आई नंतर मरेपर्यंत या मुलाबरोबर एका टेबलावर जेवली नाही. बाप का गेला ते बाईला आजही ठाऊक नाही. कोणी म्हणे त्याला जर्मनांची किळस आली, कोणी म्हणे जर्मन हरणार हे त्यानं वेळेत ओळखलं.

"अन् ती म्हणून राहिली," नात म्हणाली, "की तुम्ही पहिले माणूस, ज्यांनी हे ऐकून शिवी नाही दिली."

मी खाली मान घालून मटार सोलत राहिलो. शिवीच दिली होती.

पोरीला मराठीतला अर्थ माहीत नव्हता त्याचं कारण तिची आजी. माझा सासरा इंग्रजांच्या फौजेत हवालदार होता. मलायात जपान्यांच्या कैदेत पडला अन् तिथून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आपल्या लोकांच्या फौजेत गेला. घरी आला तेव्हा नोकरी गेली होती, पेन्शन नव्हती. त्याचा चुलतभाऊ त्याच कैदेत होता. तो बाजू बदलून गेला नाही, तो तिथंच मेला. त्या भावाची आई यांच्या दारासमोर उभी राहून हा शब्द ओरडायची. पुढं स्वातंत्र्य आलं, शाळेत झेंड्याखाली सासऱ्याच्या गळ्यात हार पडले, पण गल्ली काही बदलली नाही. माझी बायको लहानपणी शाळेतून येताना या शब्दापायी पोरांना दगड मारायची. सासरा नेमका कशासाठी गेला, देशासाठी का कैदेतल्या उपासमारीपायी, हे तिनं कधी विचारलं नाही. मला विचारू दिलं नाही.

लग्न झाल्याबरोबर तिनं सांगितलं, तुम्हाला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, हा शब्द या घरात नको. एकदा फॅक्टरीच्या संपात आमच्यातला एक जण साहेबाला जाऊन मिळाला. जेवता जेवता मी त्याला फितूर म्हटलं. बायकोनं माझ्यासमोरचं ताट उचललं अन् बाहेर गाईला नेऊन घातलं. भांडली नाही, काही नाही. मी हात धुतले. त्यानंतर त्या माणसाला मी घरात ‘तो साहेबाचा’ म्हणू लागलो. असा हा शब्द आमच्या घरातून गेला, अन् पोर आमच्या मांडीवर वाढली तरी तिच्या कानावर पडला नाही.

बायकोचा धाकटा भाऊ, माझा साळा, नागपूरला असतो. तो बहिणीहून कडक. एका लग्नात कोणी थट्टेत हा शब्द काढला तर हा भरल्या पंगतीतून उठला, त्या घराशी आजही बोलत नाही. बायकोच्या माहेरचं आता तेवढंच माणूस आहे. तो, त्याची बायको अन् माझ्या मुलाच्या दोन म्हाताऱ्या मावश्या, म्हणजे बायकोच्या मावसबहिणी, साखरपुड्याला येणार होते. तो उठला की सगळे उठणार, अन् पाहुण्यांसमोर उठणार. मग नातीनं हसत सांगितलेलं खरं व्हायला काय वेळ लागतो?

इकडं बाईला शब्द भलताच आवडला. भेडाघाटला नावेत बसलो, नावाडी खडकांवर यमकं जुळवून राहिला होता, तर बाईनं नातीकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत त्याला मध्येच सांगितलं, "मेरा पापा, फीतूर."

नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "क्या बात है अम्मा. बिना फितूर के आदमी किस काम का?"

बाईनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच तिला बक्षीस दिलं. नातीचं ब्लाउज आणायला गोहलपुरात शिंप्याकडं गेलो, तिथंही तेच. शिंपी म्हणाला, "वाह दादीजी, शायरों वाली बात कह दी." सगळं जबलपूर बाईच्या बाजूनं होतं. मला जेवण जाईना. सून म्हणाली, बाबूजी, डॉक्टर को दिखा दें? मी म्हटलं, डॉक्टर काय करतो याला?

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला. नात बाईला शिकवून राहिली होती, एक एक शब्द तोडून. "माझे. वडील. फितूर. होते." बाई म्हणत होती अन् दोघी हसत होत्या.

मी नातीला बाहेर बोलावलं. "हे कशासाठी?"

"उद्या बोलणार आहे ती, सगळ्यांसमोर. मराठीत. नागपूरवाल्यांसाठी सरप्राइज."

मग मात्र मी सांगितलं. अर्थ सांगितला, आजीचं सांगितलं, ताटाचं सांगितलं. ती अंगणातल्या पायरीवर बसली.

"पण हा शब्द आपल्या घरात मी कधी ऐकलाच नाही."

"ऐकशील कशी? तुझ्या आजीनं शिरूच दिला नाही."

"तुम्ही तर शिरू दिला न." मग माझ्याकडं वळून, "तुम्हीच सांगा बाबित्साला. मी नाही सांगणार. तिनं घरी फोन करून बहिणीला सांगितलं, दोघी रडल्या फोनवर. आता मी जाऊन काय सांगू, की माझं ट्रान्सलेशन चुकलं, आबाजी तुमच्या बापाला गद्दार म्हटले?"

मला बाईची भाषा येत नाही. येत असती तरी सांगवलं नसतं. मी बायकोच्या फोटोसमोर उभा राहिलो, पण फोटोला काय विचारता? सावरायचं काम तिचं होतं अन् तिनं मला ते शिकवलं नव्हतं. मला येतं ते एकच, समोरच्याच्या तोंडावर बोलणं. मग ठरवलं, जो उठणार आहे त्याच्याच तोंडावर बोलू.

साखरपुड्याच्या दिवशी स्टेशनवर मी गेलो. बायकांना एका ऑटोत बसवलं अन् साळ्याला दुसऱ्यात माझ्याजवळ.

"तब्येतीनं उतरले भाऊजी तुम्ही," तो म्हणाला. "खाता-पिता का नाही?"

"माझं राहू दे. घर यायच्या आत तुला एक सांगायचं आहे."

मी सगळं सांगितलं. मटार, बाईचा बाप, त्याचा भाऊ, नातीनं केलेला अर्थ, बाई आज काय बोलणार ते. शब्द उच्चारावा लागला तेव्हा उच्चारला. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"म्हणजे ताईच्या घरात तुम्ही तो शब्द काढला," तो म्हणाला.

"काढला."

"ती गेल्यावर."

"असती तर निघाला नसता."

"हे बरं सांगता."

"तू उठू नको, एवढंच म्हणतो. पोर उरली आहे मला एक."

"मी उठू का बसू हे मला कोणी सांगायचं नाही, भाऊजी," तो म्हणाला, अन् बाहेर पाहू लागला. मी ऑटोवाल्याला हळू चालव म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

घरी आल्यावर तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. पिशवी खाली ठेवली नाही, मांडीवरच ठेवली. सुनेनं चहा आणला, तो नको म्हणाला. खोव्याची जिलबी आणली, तीही नको. सून मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, मामाजी नाराज हैं क्या? मी म्हटलं, प्रवासानं थकले. सुनेशी मी खोटं बोललो, एरवी मला तेही जमत नाही.

बाईला सुनेनं साडी नेसवली होती, खाली मात्र त्याच सपाता. मावश्यांना ती फार आवडली. हात धरून शेजारी बसवलं, कुंकू लावलं. भटजींनी ताटात अंगठ्या मांडल्या. तेवढ्यात बाई उठून उभी राहिली अन् हात जोडले. पोरगा हसत होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. नात हसत नव्हती. ती बाईच्या मागं उभी होती अन् पदराचं टोक बोटाला गुंडाळून राहिली होती.

"नमस्कार," बाई म्हणाली. "मी मुलाची आजी. माझी आई शेतकरी होती." श्वास घेतला. "माझे वडील फितूर होते."

इतकं स्वच्छ म्हणाली. गच्चीवर म्हणाली होती त्याहून कितीतरी स्वच्छ. नागपूरच्या बायकांचे चेहरे उतरले. एक मावशी कुंकवाचा करंडा बंद करता करता थांबली. साळ्याची बायको त्याच्याकडं पाहू लागली, मावश्याही त्याच्याकडंच पाहू लागल्या, अन् तो खुर्चीवरून उठला. पिशवी त्याच्या हातात होती. दार त्याच्या मागं दोन पावलांवर.

"माझेही," साळा म्हणाला.

बाईला त्याचं तोंड दिसलं, शब्द कळला नाही. तिनं मागं वळून नातीला विचारलं. नातीला आता दोन्ही अर्थ माहीत होते, अन् बाईला त्यातला एकच. मी नातीच्या ओठांकडं पाहत राहिलो. ती अगदी थोडं बोलली.

मी सरकून तिच्याजवळ गेलो. "काय सांगितलं?"

"तेच. त्यांचेही, म्हटलं."

साळ्यानं पिशवी बायकोजवळ दिली, खुर्ची उचलून आणली अन् बाईसमोर ठेवून बसला. बाईही बसली. त्यानं नातीला म्हटलं, "विचार तिला, लढाईवरून आल्यावर तिचा बाप घरात बोलायचा का?"

नातीनं विचारलं. बाईनं मान हलवली. "नाही म्हणते. मधमाश्या पाळल्या होत्या त्यांनी, दिवसभर तिकडंच राहायचे."

"आमचा बाप रेडिओ लावून बसायचा," साळा म्हणाला. "स्टेशन लागलं नाही तरी बसायचा. नुसती खरखर. आम्हाला बंद करायची हिंमत नव्हती. सांग तिला." नातीनं सांगितलं. "अन् विचार, लोक दारात येऊन बोलायचे तेव्हा आई काय करायची? आमची खिडकी लावून घ्यायची."

बाई बोलू लागली, या वेळी बराच वेळ. नात मध्ये उभी राहून इकडचं तिकडं अन् तिकडचं इकडं करून राहिली होती, घाम पुसत, मराठी अडली की हिंदीत. मावश्या खुर्च्या ओढून जवळ आल्या. पोरगा अंगठी मुठीत धरून आळीपाळीनं सगळ्यांकडं पाहत होता. मला अजून एकच भीती होती. बाईनं त्या शब्दाचा अर्थ आता साळ्याला विचारला तर? तो तर सांगून टाकणारा माणूस.

भटजी माझ्या कानाशी आले. "मुहूर्त निघून चालला, पोरीला बोलवा."

"थांबा जरा," मी म्हटलं. "तिचं सांगणं होऊ द्या."